फॅड्स-२ चौपट वाढले, तरी मांसातील डीएचए का घटले?

मुंबईत मत्स्यपोषण या विषयात पदव्युत्तर संशोधन करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा हा प्रश्न आहे. तिने रोहूच्या बोटुकल्यांना (बोटभर लांबीच्या पिल्लांना) आठ आठवडे तीन प्रकारचे खाद्य दिले: एकात माशाचे तेल, दुसऱ्यात जवसाचे तेल आणि तिसऱ्यात दोन्ही निम्मे-निम्मे. प्रत्येक खाद्यासाठी तीन टाक्या होत्या. प्रयोगाच्या शेवटी यकृतातील जनुकांची अभिव्यक्ती (जनुके किती सक्रिय आहेत ते) क्यूपीसीआरने, म्हणजे एमआरएनए या संदेशवाहक रेणूचे प्रमाण मोजणाऱ्या चाचणीने मोजली, तेव्हा जवसाच्या गटात फॅड्स-२ या जनुकाचे एमआरएनए माशाच्या तेलाच्या गटापेक्षा सुमारे चौपट निघाले. मात्र त्याच गटाच्या मांसात एकूण मेदाम्लांतील (फॅटी ॲसिड्समधील) डीएचए या लांब साखळीच्या ओमेगा-३ मेदाम्लाचा टक्का जवळजवळ निम्म्यावर आला होता. सादरीकरणात तिला विचारण्यात आले की, लांब साखळीचे ओमेगा-३ तयार करणारे जनुक वाढले असताना डीएचए कमी कसे होईल, आणि दोहोंपैकी कोणते मोजमाप चुकले आहे?

दोन्ही मोजमापे बरोबर असू शकतात, किंबहुना या प्रकारच्या प्रयोगात बहुतेक वेळा हेच दिसते. आहारातून माशाचे तेल काढून वनस्पती तेल घातले की यकृतात फॅड्स-२ व एलोव्हल-५ (मेदाम्लाची साखळी लांबवणारे जनुक) यांची अभिव्यक्ती वाढते आणि मांसातील ईपीए (डीएचएच्या आधीच्या टप्प्यावरचे ओमेगा-३) व डीएचए घटते, हे अटलांटिक सामन माशात गेल्या दोन दशकांत पुन्हा पुन्हा नोंदवले गेले आहे. त्यामुळे तुमच्या निकालात विसंगती शोधण्यापेक्षा एमआरएनए नेमके काय सांगते आणि काय सांगत नाही, हे आधी स्पष्ट करून घ्यावे. मोजमापाच्या चुका तपासायलाच हव्यात. त्यांच्याकडे मी पुढे येतो.

प्रथम मार्ग पाहू. जवसाच्या तेलात साधारण निम्म्याहून अधिक मेदाम्ल अल्फा-लिनोलेनिक असते. त्यात १८ कार्बन आणि तीन दुहेरी बंध असतात. डीएचएमध्ये २२ कार्बन आणि सहा दुहेरी बंध असतात. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाण्यासाठी दुहेरी बंध घालणारी एन्झाइमे आणि साखळी दोन-दोन कार्बनांनी लांबवणारी एन्झाइमे आळीपाळीने काम करतात. पहिले पाऊल डेल्टा-६ डिसॅच्युरेज (फॅड्स-२ जनुकापासून बनणारे, दुहेरी बंध घालणारे एन्झाइम) टाकते, मग साखळी लांबते, मग डेल्टा-५ डिसॅच्युरेजने ईपीए तयार होते. तिथून साखळी २२ व पुढे २४ कार्बनांपर्यंत लांबवली जाते, तिच्यावर पुन्हा डेल्टा-६ डिसॅच्युरेज काम करते आणि शेवटी पेरॉक्सिझोम या पेशीतील कप्प्यात दोन कार्बन कापले जाऊन डीएचए मिळते. म्हणजे एकच एन्झाइम या मार्गावर दोनदा लागते, एकदा अगदी सुरुवातीला १८ कार्बनांच्या मेदाम्लासाठी आणि एकदा अगदी शेवटी २४ कार्बनांच्या मेदाम्लासाठी. आहारात अल्फा-लिनोलेनिकचा पूर असेल, तर ते एन्झाइम पहिल्याच पायरीवर अडकून राहते आणि शेवटच्या पायरीला पुरेसे उरत नाही. जवसाच्या तेलावर वाढलेल्या माशात मधल्या टप्प्यांची मेदाम्ले वाढलेली आणि डीएचए मात्र अपेक्षेइतके वाढलेले नाही, असे चित्र अनेकदा दिसते, त्यामागे हे एक कारण आहे. तुमच्या गॅस क्रोमॅटोग्राफीच्या तक्त्यात १८ कार्बन-४ बंध आणि २० कार्बन-४ बंध (ओमेगा-३ मालिकेतील) यांचे आकडे आहेत का, ते पाहा. ते वाढलेले असतील, तर मार्ग सुरू आहे आणि पुढे कुठेतरी तुंबला आहे, असे तुम्हाला पुराव्यानिशी म्हणता येईल.

याशिवाय अल्फा-लिनोलेनिकचा बराच मोठा भाग डीएचएच्या वाटेला जातच नाही. मासा ते ऊर्जेसाठी जाळतो, आणि इतर अनेक मेदाम्लांपेक्षा ते जाळायला सोपे असते. उरलेले चरबीत तसेच साठते.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा: फॅड्स-२ चे एमआरएनए वाढले, ते कशामुळे? सर्वसाधारण समज असा असतो की, कच्चा माल जास्त आला म्हणून पेशीने यंत्रे वाढवली. प्रत्यक्षात ईपीए आणि डीएचए ही तयार मेदाम्लेच या जनुकांवर लगाम ठेवतात. ती भरपूर असली की एसआरईबीपी-१ या नियंत्रक प्रथिनाची सक्रियता दबते, आणि त्याच्या हाताखालची फॅड्स-२ व फॅस (नव्याने मेद बनवणारे जनुक) यांसारखी जनुके मंद राहतात. माशाचे तेल काढून घेतल्यावर हा लगाम सुटतो. म्हणून जवसाचे तेल दिलेल्या गटात दिसलेली चौपट वाढ ही ‘जवसामुळे वाढ’ आहे की ‘माशाचे तेल नसल्यामुळे वाढ’ आहे, हे तुमच्या तीन खाद्यांच्या रचनेतून सांगता येत नाही. त्यासाठी चौथे खाद्य लागले असते: पाम तेलाचे किंवा ऑलिव्ह तेलाचे, ज्यात ईपीए-डीएचएही नाही आणि अल्फा-लिनोलेनिकही नगण्य आहे. पाम तेलावरही फॅड्स-२ तितकेच वर गेले असते, तर कच्च्या मालाचा मुद्दा बाद झाला असता; कारण तिथे यंत्र सुरू असले तरी ओमेगा-३ मालिकेत त्याला घालायला काहीच नसते. पुढील प्रयोग आखताना हे खाद्य अवश्य ठेवा. मी तर म्हणेन की, निम्मे-निम्मे तेलाच्या गटापेक्षा त्या गटाचा उपयोग तुम्हाला जास्त झाला असता.

मोठ्या खर्चाने हा विषय पुढे कोणी नेला, तर सामन उद्योगाने. नॉर्वेतील सामनच्या खाद्यात १९९० मध्ये माशाचे तेल सुमारे २४ टक्के होते, ते २०१३ पर्यंत सुमारे ११ टक्क्यांवर आले आणि त्याची जागा मुख्यतः रेपसीडच्या तेलाने घेतली. साहजिकच मांसातील ओमेगा-३ चे काय होते, हा प्रश्न त्यांच्यासाठी बाजाराचा प्रश्न झाला. त्या अभ्यासांतून एक गोष्ट स्पष्ट झाली की, माशामाशांत मोठा फरक आहे. सामनमध्ये फॅड्स-२ च्या अनेक प्रती आहेत. काही डेल्टा-६ चे तर एक डेल्टा-५ चे काम करते, आणि एलोव्हल-२ हे साखळी लांबवणारे जनुकही त्याच्याकडे आहे. बहुतेक समुद्री मांसाहारी माशांत एलोव्हल-२ सापडत नाही. अटलांटिक कॉडमध्ये फॅड्स-२ आहे, परंतु त्याच्या प्रवर्तक भागात (जनुक सुरू करणाऱ्या डीएनएच्या भागात) सामनमध्ये असणारी एसपी-१ या नियंत्रक प्रथिनाची जागा नाही, आणि आहार बदलला तरी हे जनुक फारसे हलत नाही. आपल्या रायगडच्या खाडीतला जिताडा वनस्पती तेलावर वाढवला, तर त्याच्या यकृतातही फॅड्स-२ चे एमआरएनए चांगले वाढते. पण पुढची एन्झाइमे दुबळी असल्यामुळे ओमेगा-३ ची तूट भरून निघत नाही. म्हणजे अभिव्यक्ती वाढली आणि उत्पादन वाढले नाही, याचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्या पेण-अलिबागच्या बाजारातच आहे. उलट, सिगॅनस कॅनॅलिक्युलेटस या समुद्री शाकाहारी माशात २०१० मध्ये थेट डीएचए बनवणारे डेल्टा-४ डिसॅच्युरेज सापडले, तेव्हा पृष्ठवंशीय प्राण्यांत असे एन्झाइम पहिल्यांदाच आढळले होते. रोहू हा गोड्या पाण्यातला कार्प आहे. कार्प कुळात १८ कार्बनांपासून पुढे जाण्याची क्षमता असते. झेब्राफिश हा त्याच कुळातला प्रयोगशाळेचा मासा. त्याचे एकच फॅड्स-२ डेल्टा-६ आणि डेल्टा-५ ही दोन्ही कामे करते, हे २००१ मध्ये दाखवले गेले. तेव्हा रोहूच्या बाबतीत ‘क्षमता आहे का’ हा प्रश्न नाही. ‘किती प्रमाणात वापरली गेली’ हा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर क्यूपीसीआरकडे नाही.

ते उत्तर संपूर्ण शरीराच्या मेदाम्ल-ताळेबंदातून मिळते. सुरुवातीला माशाच्या शरीरात डीएचए किती होते, खाद्यातून किती पचले आणि शेवटी शरीरात किती आढळले, याचा जमाखर्च मांडायचा. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा १० ग्रॅमच्या बोटुकलीत एकूण २० मिलिग्रॅम डीएचए होते. आठ आठवड्यांनी तो मासा ६० ग्रॅमचा झाला आणि त्याच्यात ८० मिलिग्रॅम डीएचए निघाले. दरम्यान जवसाच्या खाद्यातील फिशमीलमधून (सुक्या माशांच्या भुकटीतून) त्याच्या अंगी १० मिलिग्रॅम डीएचए लागले. सुरुवातीचे २० आणि खाल्लेले १० वजा केले, तर किमान ५० मिलिग्रॅम डीएचए माशाने स्वतः तयार केले. ‘किमान’ म्हणायचे कारण असे की, काही तयार होऊन जळूनही गेले असेल. आता याच माशाकडे प्रमाणाच्या चष्म्यातून पाहा: सुरुवातीला दर ग्रॅम शरीरामागे २ मिलिग्रॅम डीएचए होते, शेवटी सुमारे १.३ मिलिग्रॅम. प्रमाण एक तृतीयांशाने घटले, आणि तरीही मासा सगळा वेळ डीएचए बनवत होता. वाढीचा वेग निर्मितीच्या वेगापेक्षा जास्त होता, एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही प्रबंधात दिलेला आकडा एकूण मेदाम्लांतील टक्क्याचा आहे, आणि तो तर याहूनही फसवा असतो. कारण मांसात चरबी वाढली की प्रत्यक्षात एक मिलिग्रॅमही कमी न होता डीएचएचा टक्का खाली येतो.

म्हणून एक काम तातडीने करा. टक्क्यांच्या शेजारी दर १०० ग्रॅम मांसामागे किती मिलिग्रॅम, हा स्तंभ घाला. प्रयोग सुरू करताना मारून ठेवलेले संपूर्ण मासे आणि खाद्याचे नमुने तुमच्या शीतकपाटात असतील, तर ताळेबंदही मांडता येईल. मांसातील मेद ध्रुवीय (पेशीपटलातील) आणि उदासीन (साठवणीचा) असा वेगळा करून मोजता आला, तर आणखी उत्तम. पेशीपटलातील फॉस्फोलिपिडमध्ये मासा डीएचए जिवापाड जपतो. आहाराचे प्रतिबिंब पडते ते मुख्यतः साठवणीच्या चरबीत. ध्रुवीय मेदात डीएचए टिकून आहे आणि उदासीन मेदात घसरले आहे असे निघाले, तर तुमच्या रोहूला स्वतःच्या गरजेपुरते डीएचए मिळत होते, फक्त ताटात येणाऱ्या मांसात साठले नाही, असा अर्थ होतो. माशाच्या आरोग्याच्या दृष्टीने आणि खाणाऱ्याच्या दृष्टीने हे दोन निराळे निष्कर्ष आहेत. (खाणाऱ्याचेच म्हणाल, तर ओमेगा-३ साठी मुंबईकराने तारली आणि बांगडा घ्यावा, रोहूकडून ती अपेक्षा ठेवणे हा रोहूवर अन्याय आहे.)

आता तुमच्या स्वतःच्या मोजमापांकडे येऊ. क्यूपीसीआरच्या यंत्राकडे बोट दाखवण्याआधी खाद्य तपासा, कारण अशा अभ्यासांतला निम्मा घोळ खाद्य बनवतानाच झालेला असतो. फिशमीलमध्ये स्वतःचे ८ ते १० टक्के तेल असते, आणि त्यात ईपीए व डीएचए असते. तुमच्या ‘जवसाच्या’ खाद्यात २०-२५ टक्के फिशमील असेल, तर ते खाद्य ओमेगा-३ च्या बाबतीत तुम्ही समजता तितके रिकामे नाही. तेल काढलेले फिशमील किंवा केसीन-जिलेटिनवर आधारित खाद्य वापरले असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर खाद्याचेच मेदाम्ल-विश्लेषण प्रबंधात द्यायला हवे, घटकांच्या पिशवीवर छापलेले आकडे नव्हेत. दुसरी गोष्ट तेलाच्या ताजेपणाची. जवसाचे आणि माशाचे तेल, दोन्ही हवेने लवकर खवट होतात, आणि मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः जून ते सप्टेंबर, उघड्यावर ठेवलेल्या गोळीखाद्याचा भरवसा धरू नये. खवट तेलातील पेरॉक्साइडांमुळे यकृतातील ऑक्सिडीकरणाशी झुंजणारी जनुके जागी होतात आणि मेदाच्या चयापचयाचीही काही जनुके बदलतात. मग तुम्ही मोजता तो परिणाम तेलाच्या प्रकाराचा, की त्याच्या खवटपणाचा? खाद्य बनवल्यावर आणि प्रयोग संपताना पेरॉक्साइड मूल्य काढले असेल, तर या शंकेला जागा उरत नाही.

नमुना घेण्याच्या वेळेवर मी जरा जास्त थांबतो, कारण कागदावर ती एका ओळीत उरकली जाते. मेद तयार करणारी जनुके जेवणानंतर काही तासांनी वर जातात आणि उपासात खाली येतात. पाण्याच्या तापमानानुसार हा काळ लांबतो किंवा आखडतो. नऊ टाक्यांतील मासे मारून यकृत काढायला सकाळपासून दुपार होते. त्या दिवशी आधी माशाच्या तेलाच्या तिन्ही टाक्या, मग निम्मे-निम्मेच्या आणि शेवटी जवसाच्या, असा क्रम धरला असेल, तर जवसाचा गट शेवटच्या जेवणापासून चार-पाच तास अधिक उपाशी होता. अशा वेळी आहाराचा परिणाम आणि उपासाचा परिणाम यांची गाठ सुटत नाही. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा, किंवा तिन्ही खाद्यांची एकेक टाकी आळीपाळीने घ्यावी, आणि प्रत्येक टाकीला शेवटचे खाद्यही त्याच अंतराने द्यावे. प्रयोगवहीत वेळा लिहिलेल्या असतील तर त्या काढून पाहा. तापमानाचेही तसेच आहे. थंडीत कार्पच्या यकृतात डेल्टा-९ डिसॅच्युरेज वाढते, हे १९९६ मध्येच दाखवून दिलेले आहे, त्यामुळे जानेवारीत संपलेला प्रयोग आणि मे महिन्यात संपलेला प्रयोग यांची सरळ तुलना करू नये.

मग यकृत. रोहूचे पोट उघडले की सामनसारखे एकसंध, चिमट्याने अलगद उचलता येईल असे यकृत दिसत नाही. तांबूस तपकिरी ऊती आतड्याच्या वेटोळ्यांमधून पसरलेली असते, तिच्यातच स्वादुपिंडाच्या पेशी विखुरलेल्या असतात, भोवती पांढरट चरबी असते आणि हिरवे पित्ताशय जरा धक्का लागला तरी फुटते. आपण ‘यकृत’ म्हणून जे घेतो ते यकृत आणि स्वादुपिंड यांचे मिश्रण असते. स्वादुपिंडातील आरएनए तोडणारी एन्झाइमे मासा मरताच कामाला लागतात. म्हणून रोहूचा तुकडा एका मिनिटाच्या आत द्रव नायट्रोजनमध्ये किंवा आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात गेला पाहिजे. तो मुगाच्या दाण्याहून मोठा असेल, तर द्रावण आतपर्यंत पोहोचत नाही. तसेच प्रत्येक माशातून तुकडा एकाच जागेवरून घ्यावा. एका माशात आतड्याला चिकटलेला आणि दुसऱ्यात पित्ताशयाजवळचा तुकडा घेतला, तर स्वादुपिंडाचा वाटा बदलतो आणि त्याबरोबर जनुकांचे आकडेही.

आरएनए काढताना चरबीचा प्रश्न येतो. मेदयुक्त यकृत ट्रायझॉलमध्ये (आरएनए काढण्याच्या द्रावणात) कुटल्यावर क्लोरोफॉर्म घालण्याआधी एकदा थंड सेंट्रिफ्यूज फिरवावे; वर चरबीचा पापुद्रा येतो, तो बाजूला करून खालचे द्रावण घ्यावे. हे न केल्यास चरबी जास्त असलेल्या गटातच आरएनए कमी आणि मळका निघतो, आणि चूक नेमकी एका उपचारगटावर बसते. आता अभिव्यक्ती ठरावीक आरएनएमागे मोजली जात असल्याने आणखी एक पेच असतो. जवसाच्या गटात यकृत फुगले असेल आणि दर ग्रॅम यकृतामागे आरएनए घटला असेल, तर ‘एका मायक्रोग्रॅम आरएनएमागे चौपट’ म्हणजे ‘संपूर्ण यकृतात चौपट’ नव्हे. यकृताचे शरीराशी प्रमाण आणि दर मिलिग्रॅम ऊतीमागे मिळालेला आरएनए, हे दोन आकडे तुमच्याकडे असतातच. ते तक्त्यात द्या.

तुमच्या मजकुरावरून संदर्भ जनुक (ज्याच्या तुलनेत बाकीची जनुके मोजतात ते) म्हणून एकटे बीटा-ॲक्टिन वापरलेले दिसते. याला परीक्षक हरकत घेतीलच, आणि ती रास्त असेल. वेगाने वाढणाऱ्या आणि हळू वाढणाऱ्या माशांत ॲक्टिनची अभिव्यक्ती सारखी राहीलच, याची खात्री नसते. ईएफ-१ अल्फा आणि एखादे रायबोसोमीय प्रथिनाचे जनुक जोडून तिन्हींची स्थिरता जीनॉर्म किंवा नॉर्मफाइंडर या संगणकीय साधनाने तपासावी आणि निदान दोघांच्या भूमितीय सरासरीने प्रमाणित करावे. सीडीएनए (आरएनएवरून बनवलेला डीएनए) शिल्लक असेल, तर हे दोन दिवसांचे काम आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेली, क्यूपीसीआरचे निकाल कसे मांडावेत याची माइक्यू मार्गदर्शक तत्त्वे आता जवळपास प्रत्येक नियतकालिक पाहते, त्यामुळे प्रायमरची (जनुकाचा हवा तो भाग पकडणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांची) कार्यक्षमताही द्यावी लागेल. प्रमाण-वक्राचा उतार -३.३२ असेल तर कार्यक्षमता १०० टक्के, साधारण -३.१ ते -३.६ पर्यंत चालते. हा तपशील नुसता उपचार नाही. चौपट म्हणजे दोन चक्रांचा फरक, आणि फॅड्स-२ च्या प्रायमरची कार्यक्षमता ८५ टक्केच असेल, तर तोच फरक ३.४ पट होतो. शिवाय मूळ सीटी मूल्ये (कितव्या चक्राला संकेत दिसू लागला ते आकडे) पाहा. ती २२ वरून २० वर आली असतील तर गोष्ट वेगळी; ३३ वरून ३१ वर आली असतील, तर अगदी क्षीण अभिव्यक्तीची चौपटही क्षीणच असते.

प्रायमरविषयी एवढेच सांगतो की, रोहूमध्ये २५ जोड्या गुणसूत्रे आहेत आणि सायप्रिनसमध्ये (कॉमन कार्पमध्ये) ५० जोड्या. सायप्रिनसच्या जनुकांच्या बहुधा दोन प्रती असतात. त्याच्या क्रमावरून बेतलेले प्रायमर रोहूवर चालवले असतील, तर मिळालेला तुकडा एकदा सीक्वेन्स करून घ्या. वितळण-वक्रात एकच शिखर आले, एवढ्यावर समाधान मानू नका.

संख्याशास्त्रात एकच गोष्ट, पण निर्णायक. खाद्य टाकीला दिले, माशाला नव्हे. प्रत्येक टाकीतून सहा मासे घेतले, तरी प्रत्येक खाद्यासाठी तुमची नमुनासंख्या तीन आहे, अठरा नाही. अठरा धरून काढलेली लक्षणीयता शोधनिबंधाच्या पहिल्याच परीक्षणात कोसळते. टाकीची सरासरी घ्या किंवा टाकी हा यादृच्छिक घटक ठेवून मिश्र प्रतिमान वापरा, आणि विश्लेषण पटींवर न करता डेल्टा-सीटी मूल्यांवर (संदर्भ जनुकाचे सीटी वजा करून उरणाऱ्या आकड्यांवर) करा. पटी फक्त आलेखासाठी ठेवा. चौपट इतका मोठा फरक तीन-तीन टाक्यांतही टिकण्याची शक्यता चांगली आहे. फॅसमधील दीडपट वाढ टिकेल की नाही, याची मला शंका आहे.

फॅस आणि सीपीटी-१ ही जनुकेही तुम्ही मोजली आहेत, त्यांच्याबद्दल थोडे. सीपीटी-१ हे मेदाम्ले मायटोकॉन्ड्रियात नेऊन जाळण्याच्या वाटेवरचे दार आहे, पण ते दार उघडे की बंद हे मुख्यतः मॅलोनिल-सीओए हा रेणू ठरवतो. पेशी मेद बनवण्यात गुंतलेली असली की मॅलोनिल-सीओए वाढते आणि सीपीटी-१ जागच्या जागी थांबते, एमआरएनए कितीही असो. म्हणून ‘सीपीटी-१ वाढले, सबब मेदाचे ज्वलन वाढले’ हे तुमच्या चर्चेतील वाक्य काढून टाका किंवा एन्झाइमची क्रियाशीलता मोजा. फॅसच्या बाबतीत तेलापेक्षा पिष्टाचा विचार करा. सामनच्या खाद्यात ३० टक्क्यांहून अधिक तेल असते. आपल्या कार्पच्या खाद्यात त्याच्या तुलनेत फारच कमी, आणि भाताचा कोंडा, पेंड, मका यांतून पिष्ट भरपूर. रोहूची चरबी बऱ्याच अंशी त्या पिष्टापासून यकृतात नव्याने तयार होते. तुमच्या तिन्ही खाद्यांत पिष्ट सारखे असेल, तर फॅसमध्ये फारसा फरक न दिसणे हेच अपेक्षित आहे, आणि तसे स्पष्ट लिहिण्यात कमीपणा नाही. कोलेस्टेरॉल मात्र विसरू नका. माशाच्या तेलाबरोबर कोलेस्टेरॉल येते, वनस्पती तेलात ते नसते, आणि सामनमध्ये वनस्पती तेलावर सर्वांत ठामपणे वाढलेली जनुके बरेचदा कोलेस्टेरॉल बनवणारीच असतात. एसआरईबीपी-२ आणि एचएमजी-सीओए रिडक्टेज ही दोन जनुके शिल्लक सीडीएनएवर चालवून पाहा. माझ्या मते तुमच्या प्रबंधातील सर्वांत स्वच्छ निकाल तिथे मिळण्याची शक्यता आहे.

‘जनुक वाढले म्हणून मेदाम्ल वाढले’ असा कार्यकारणाचा दावा करण्यासाठी जनुकच बंद करून पाहावे लागते. नॉर्वेत सामनमध्ये एलोव्हल-२ क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राने निकामी केल्यावर डीएचए घटले, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. आहार बदलून एमआरएनए मोजणाऱ्या अभ्यासाला इतके बळ नसते, आणि त्याने तसा आवही आणू नये.

आरएनए-सीक (सर्व जनुकांची अभिव्यक्ती एकदम मोजणे) करावे का, असेही तुम्ही शेवटी विचारले आहे. उरलेला निधी त्यावर खर्च करू नका. तीन टाक्यांच्या आधारावर हजारो जनुकांची तुलना केली, तर खोट्या लक्षणीयतेची दुरुस्ती केल्यावर हाती फार थोडे उरते, आणि जे उरते ते बहुधा तुम्हाला आधीच माहीत असलेले फॅड्स-२ आणि कोलेस्टेरॉलचे मार्ग असतात. त्याच पैशात सुरुवातीच्या माशांचे, शेवटच्या संपूर्ण माशांचे आणि खाद्याचे मेदाम्ल-विश्लेषण होते, आणि विष्ठा जमवली असेल तर पचनीयताही निघते. आतड्याचे नमुने ठेवले असतील, तर त्यांवरही फॅड्स-२ चालवा. माशात हे काम यकृताखेरीज आतड्याच्या अस्तरातही होते, आणि रोहूला जठर नसल्याने खाल्लेले तेल थेट तिथेच येऊन पोहोचते. रोहूच्या मेदाम्लांचे आपल्याकडचे तुलनात्मक आकडे हवे असतील, तर वर्सोव्याच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेतील जुने प्रबंध चाळा. १९६१ पासूनच्या त्या संस्थेत कार्पच्या पोषणावर बरेच काम झाले आहे.

चर्चेच्या प्रकरणात मुख्य निकाल साधारण असा लिहा: जवसाच्या तेलाच्या गटात यकृतातील फॅड्स-२ च्या एमआरएनएची पातळी वाढली, ही वाढ आहारातील ईपीए व डीएचए कमी झाल्याने नियंत्रण सैल होण्याशी सुसंगत आहे, मांसातील डीएचएचे प्रमाण मात्र घटले, आणि माशाने प्रत्यक्ष किती डीएचए तयार केले हे पुढील ताळेबंदात दिले आहे. ताळेबंदासाठी नमुने उरले नसतील, तर शेवटचे उपवाक्य गाळा आणि तिथे ‘निर्मितीचा दर या अभ्यासात मोजलेला नाही’ एवढे लिहा. परीक्षकांनी विचारण्याआधी तुम्ही ते लिहिलेले बरे.